स्ट्रोकनंतर हाताचा व्यायाम खेळातून: घरच्यांनी सुरुवात कशी करायची

स्ट्रोकचा पेशंट हॉस्पिटलमधून घरी येतो तेव्हा फाईलसोबत व्यायामाचा एक कागद येतो. हात पुढे न्या दहा वेळा, मूठ उघडा दहा वेळा, पेला उचला आणि ठेवा दहा वेळा. पहिले काही दिवस सगळं घर मागे लागून करून घेतं, मग पाहुणे येतात, कुणाची परीक्षा येते, कागद फ्रिजवर चिकटतो आणि तिथेच राहतो. पेशंट आळशी आहे असं नसतं हो, रिकाम्या भिंतीकडे बघत तोच हात तसाच पुढे नेत बसणं कुणालाही जड जाईल. पण मेंदूला नेमकं तेच लागतं, तीच हालचाल पुन्हा पुन्हा, आणि तीसुद्धा काहीतरी कामासाठी केलेली.

किती वेळा? २००९ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या एका अभ्यासात थेरपीच्या सेशनला बसून मोजलं होतं, तर हाताची कामाची हालचाल एका सेशनमध्ये सरासरी ३२ वेळा होत होती. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले तिथे हाच आकडा दिवसाला शेकड्यांत असतो. आता बदाम सत्तीचा हिशोब करा, दोघांत ५२ पत्ते वाटले की प्रत्येकाकडे २६ येतात, म्हणजे एका डावात २६ वेळांपर्यंत पत्ता काढायचा, हात पुढे न्यायचा, नीट जागेवर ठेवायचा आणि परत यायचं. तीन डाव झाले की ७८ पर्यंत. आणि तिसरा डाव मागून घेणारा बहुतेक वेळा पेशंटच असतो, कारण दुसरा डाव तो हरलेला असतो.

मी न्यूरो फिजिओ करते, जास्त करून लोकांच्या घरी जाऊन, आणि एक गोष्ट मला पक्की वाटते की खेळातून थेरपी म्हटल्यावर लोक आधी व्हिडिओ गेमचं मशीन विचारतात, कुठलं घेऊ, कितीला मिळेल, आणि समोर खेळायला कोण बसणार हे कुणी विचारतच नाही. माझ्या मते तेच पहिलं ठरवायचं, मशीन नाही घेतलं तरी चालतं.

हे नुसतं माझं मत नाही. २०१६ मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता, चार देशांतल्या १४ केंद्रांतले १४१ पेशंट, सगळे स्ट्रोकनंतर तीन महिन्यांच्या आतले. अर्ध्यांना नेहमीच्या थेरपीच्या जोडीला निन्टेन्डो वी वर (टीव्हीसमोर रिमोट हातात धरून, हात हलवून खेळायचं मशीन) खेळायला दिलं, अर्ध्यांना पत्ते, बिंगो, जेंगा (रचलेल्या ठोकळ्यांचा खेळ), चेंडू असले साधे खेळ, दोघांनाही दोन आठवड्यांत तासातासाची दहा सेशन. दोन्ही गटांचे हात सुधारले आणि दोघांत फरक असा निघाला नाही. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यातही असंच होतं, ७२ अभ्यास एकत्र केले तर व्हिडिओ गेम आणि व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी नेहमीच्या थेरपीपेक्षा हाताला जास्त फायदा देताना दिसले नाहीत, पण नेहमीच्या थेरपीवर वरून जोडले, म्हणजे एकूण वेळ वाढला, तर फायदा दिसला. म्हणून घरात कॅरम असेल, पत्ते असतील तर आजच सुरू करता येतं, आणि फिजिओची सेशन बंद करायची नाहीत, खेळ त्याच्या जोडीला.

कल्पना जुनीच आहे. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलात डॉक्टर लुडविग गुटमन यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांना उपचार म्हणून खेळायला लावलं, २९ जुलै १९४८ ला तिथे १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली आणि पुढे त्यातूनच पॅरालिम्पिक उभं राहिलं. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला बॉक्सर, उपचारात पोहायला लागले आणि १९७२ ला हायडेलबर्गमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताचं पहिलं पॅरालिम्पिक गोल्ड आणलं. आपल्याला घरी पदक आणायचं नाहीये, पेला धरता यायला हवा आणि शर्टाचं बटण लावता यायला हवं, पण माणूस ज्या ईर्षेने हात हलवतो ती तीच.

पहिली पायरी: फिजिओला आणि डॉक्टरला विचारायचं

हे टाळू नका. खांदा सांध्यातून खाली उतरलाय का, हे सगळ्यात आधी. स्ट्रोकनंतर खांद्याचे स्नायू सैल पडतात आणि हाताच्या वजनाने सांधा खाली ओढला जातो, अशा खांद्याला जोरात हात फेकायचा खेळ चालत नाही आणि खांद्याच्या उंचीच्या वर हात न्यायचा असेल तर फिजिओचा होकार हवाच. मग बीपी किती वर गेलं की थांबायचं, फिट्स आल्या होत्या का (आल्या असतील तर चमचमणाऱ्या स्क्रीनबद्दल डॉक्टरांशी बोलूनच ठरवा), उभं राहून खेळायची परवानगी आहे का, हाताला गरम-गार-टोचलेलं कळतं का. आणि एका बाजूचं दिसत नाही किंवा त्या बाजूकडे लक्षच जात नाही असं काही आहे का, हे नक्की विचारा, कारण घरच्यांना वाटतं बाबा मुद्दाम डावीकडचे पत्ते खेळत नाहीत आणि त्यांच्यासाठी ते पत्ते तिथे नसतातच.

बोलायला त्रास होत असेल, शब्द सापडत नसतील, तर ते खेळ निवडताना फार उपयोगी पडतं. पत्ते, कॅरम, फुगा, यांना बोलावं लागत नाही, आणि ज्या माणसाचं दिवसभरात कुणाशी धड बोलणं होत नाही तो कॅरमच्या पाटावर नातवाच्या बरोबरीचा असतो. तंबोल्यासारख्या आकड्यांच्या खेळात मात्र तोच माणूस अडखळू शकतो.

दुसरी पायरी: बसायची जागा

हात असलेली पक्की खुर्ची, चाकांची नको, फिरणारी तर अजिबात नको. व्हीलचेअर असेल तर ब्रेक लावा. दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले, टेकत नसतील तर खाली पाट द्या. टेबल कोपराच्या उंचीला, आणि कमजोर हात टेबलावर ठेवलेला, मांडीत पडलेला किंवा खुर्चीबाहेर लोंबणारा नको, खेळ एका हाताने चालला असला तरी. सोफ्यावर बसून खेळवू नका, माणूस त्यात रुततो, कंबर मागे घसरते, आणि मग हात पुढे न्यायला अख्खं अंग ओढावं लागतं.

पत्ते सनमायकाच्या गुळगुळीत टेबलावर उचलता येत नाहीत, बोटं कमजोर असतील तर पत्ता नुसता सरकत राहतो. खाली सतरंजीची घडी किंवा जाड टॉवेल टाका, कडेत बोट शिरतं. थोडी सुधारणा झाली की टॉवेल काढा आणि पत्ता टेबलाच्या कडेपर्यंत सरकवून तिथून चिमटीत पकडायला लावा, हाच एक वेगळा व्यायाम झाला. हातात पत्त्यांचा पंखा धरता येत नसेल तर कपडे धुवायचा लांब ब्रश उलटा ठेवा, केस वर करून, त्यात पत्ते खोचले की छान उभे राहतात. मोठ्या आकड्यांचे पत्ते मिळतात, नजर कमी झाली असेल तर तेच घ्या.

तिसरी पायरी: हात आज कुठे आहे त्याप्रमाणे खेळ

इथे जरा वेळ द्या, कारण चुकीचा खेळ निवडला की दोन दिवसांत पेशंट म्हणतो मला नाही खेळायचं, आणि मग पुन्हा बसवणं फार अवघड.

हात अगदीच हलत नसेल, थोडासा खांद्यातून पुढे सरकत असेल, तर फुगा. मोठा फुगा, खूप टाइट फुगवू नका, समोर तीन-चार फुटांवर दुसरी खुर्ची, मधे दोन खुर्च्यांना ओढणी बांधली की नेट तयार. पेशंटने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफून फुगा परतवायचा, चांगला हात कमजोर हाताला घेऊन जातो. फुगा सावकाश येतो म्हणून विचार करायला वेळ मिळतो, आणि लागला तरी कुणाला काही होत नाही. फुगा छातीच्या उंचीलाच द्यायचा, डोक्यावरून जाणारा सोडून द्यायचा, समोरच्याने एवढं पाळलं पाहिजे. नातवंडं असतील तर या खेळाला वेगळं बोलवावं लागत नाही. रबराची अ‍ॅलर्जी असेल तर हलका प्लॅस्टिकचा बीच बॉल.

हात पुढे जातोय, मूठ थोडी मिटतेय पण उघडायला त्रास आहे, हा टप्पा सगळ्यात लांब चालतो. इथे बदाम सत्ती, साप-शिडी, खरा पट मांडून ल्युडो. ल्युडोला मोठा फासा घ्या आणि डबीत घालून हलवायला लावा, सोंगट्या लहान वाटत असतील तर त्याऐवजी बाटल्यांची रंगीत झाकणं. बदाम सत्तीत एक सोय अशी की सत्त्या मधल्या रांगेत येतात, एका बाजूला अठ्ठीपासून राजापर्यंत आणि दुसऱ्या बाजूला छक्कीपासून एक्क्यापर्यंत पानं पसरत जातात, म्हणजे हात समोर, उजवीकडे, डावीकडे सगळीकडे न्यावा लागतो. डाव्या बाजूकडे लक्ष जात नसेल तर मांडणीच अशी करा की जास्त पानं डावीकडे पडतील, आणि डाव्या कडेला लाल रिबीन चिकटवा, प्रत्येक पान लावायच्या आधी रिबीन शोधायची.

कॅरमबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहिते कारण मला तो घरच्या घरी मिळणारा सगळ्यात चांगला खेळ वाटतो. स्ट्रोकनंतर बोटं मिटायची ताकद बहुतेक वेळा आधी येते, उघडायची मागाहून, आणि कॅरमची टिचकी म्हणजे नेमकं बोट उघडणं, तेही झटक्यात आणि नेम धरून. त्यामुळे टिचकीवर पहिल्या दिवशी जाऊ नका. आधी तळहाताच्या कडेने स्ट्रायकर ढकलायचा, कोपर पाटाच्या लाकडावर टेकवून, बोरिक पावडर नीट टाका म्हणजे थोड्या जोरातही जातो. मग चार बोटांनी मिळून ढकलायचा. मग एकटी तर्जनी, ढकलतच. अंगठ्यात अडकवून टिचकी सगळ्यात शेवटी, आणि ती आली की घरात पेढे वाटायला हरकत नाही. स्ट्रायकर दोन्ही रेषांना टेकलाच पाहिजे वगैरे नियम सुरुवातीला सोडून द्या.

कॅरममध्ये शॉटपेक्षा शॉटच्या आधी-नंतरचं काम जास्त कामाचं आहे आणि घरचे लोक नेमकं तेच प्रेमाने स्वतः करून टाकतात. डाव लावायचा असतो तेव्हा राणी मधे, भोवती नऊ काळ्या नऊ पांढऱ्या सोंगट्या आलटून पालटून गोल, एकूण १९, हे पेशंटला लावू द्या, कमजोर हाताने, पाच-दहा मिनिटं लागली तरी लागू द्या. पॉकेटच्या जाळीतून सोंगटी काढणं पण त्याचंच. जवळच्या दोन जाळ्या आधी, लांबच्या दोन जाळ्यांपर्यंत हात पोचायला लागला की समजा कोपर सरळ होतंय. एका काकांकडे हे बघितलेलं आठवतं, सोंगटी जाळीत पाहिल्यावर त्यांची बोटं आत जायची पण बाहेर येताना मूठ इतकी आवळायची की जाळीच हातात यायची, मग त्यांच्या सुनेने हळूच सांगितलं, "बाबा, आधी श्वास सोडा, मग बोटं", आणि श्वासाबरोबर खरंच मूठ ढिली झाली. स्पास्टिक हात, म्हणजे ज्याचे स्नायू आपोआप ताठ होतात तो, घाईत जास्त आवळतो, त्यामुळे जाळीपाशी कुणी "लवकर, लवकर" म्हणायचं नाही.

हात बऱ्यापैकी चालतोय, बारीक काम राहिलंय, तर जेंगासारखे ठोकळे, पिसणं-वाटणं पेशंटकडे देऊन मेंढीकोट, आणि ज्यांनी लहानपणी खेळलेत त्यांना सागरगोटे. सागरगोटे अवघड आहेत, उडवून झेलायचे म्हणजे डोळा, हात, वेळ सगळं जुळावं लागतं, पण खूप आज्यांना तो खेळ हातात बसलेला असतो, आणि एकच गोटा थोडासा उडवून दोन्ही हातांत झेलण्यापासून सुरू करता येतं.

चौथी पायरी: समोर कोण, आणि सामना बरोबरीचा कसा करायचा

समोरचा माणूस तो निवडा जो पेशंटसोबत आजारपणाच्या आधीही खेळायचा किंवा निदान भांडायचा. दाद्या, शेजारचे काका, नातू, जुना ऑफिसचा मित्र. केअरटेकर मावशी असतील तर त्याही, पण त्यांना रोजचं एक काम म्हणून बसवू नका, त्यांना तो खेळ आवडत असला पाहिजे.

मुद्दाम हरू नका. पेशंटला ते लगेच कळतं, आणि ते कळल्यावर जे मन दुखतं ते भरून येत नाही. त्याऐवजी नियम उघडपणे बदला, खेळ सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांसमोर. समोरच्या धडधाकट माणसाने उलट्या हाताने खेळायचं. कॅरममध्ये त्याने फक्त रिबाउंडने घ्यायचं. फुग्यात त्याने बसूनच राहायचं आणि एकाच हाताने मारायचं. बदाम सत्तीत पेशंटला १८ पत्ते आणि समोरच्याला ३४. मग दोघंही जीव तोडून खेळू शकतात, आणि बघणाऱ्यालाही दया येत नाही, मजा येते. माझा अंदाज असा ठेवते की दहा डावांत पेशंट चार ते सहा जिंकला तर सवलत बरोबर आहे, आठ-नऊ जिंकायला लागला तर एक सवलत कमी करा, दोनच जिंकत असेल तर एक वाढवा. सवलत कमी होणं ही घरात सांगायची बातमी आहे, आज बाबांची सवलत काढली, म्हणजे हात सुधारला.

प्रत्येकाला चुरस आवडते असं नाही. २०१७ मध्ये स्लोव्हेनिया आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी हात कमजोर असलेल्या लोकांना नातेवाइकांसोबत किंवा थेरपिस्टसोबत जोडीने खेळायला लावलं, कधी एकमेकांविरुद्ध, कधी एकाच बाजूने. ज्यांना विरुद्ध खेळायला आवडलं त्यांना मजाही आली आणि त्यांनी हातही जास्त जोराने हलवला, ज्यांना एका बाजूने खेळणं आवडलं त्यांना मजा आली पण जोर वाढला नाही. म्हणून चुरशीची आवड असेल तर तीच वापरा, आणि हरल्यावर ज्याचा चेहरा उतरतो, जो नंतर जेवत नाही, त्याच्यासाठी एकाच बाजूचा खेळ घ्या आणि हालचालींचा आकडा दुसरीकडून वाढवा. फुगा जमिनीला न टेकता दोघांनी मिळून किती वेळा, काल २२ झाले होते, आज बघू. कॅरममध्ये पेशंट आणि नातू एका बाजूला, आई-बाबा समोर.

स्ट्रोकनंतर साधारण तीनातल्या एकाला डिप्रेशन येतं, आणि काहींना कारण नसताना एकदम रडू येतं किंवा हसू आवरत नाही. खेळायला बसणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगून ठेवा, मुलांना सुद्धा. रडू आलं तर पत्ते खाली ठेवायचे, पाणी द्यायचं, थांबायचं, आणि त्यांनी स्वतः पत्ते उचलले की पुढे चालू. "रडू नका, काही झालं नाहीये" हे म्हणायचं नाही.

डाव चालू असताना नजर कुठे हवी

पत्त्यांवर नाही, खांद्यावर आणि छातीवर. हात लांब जात नसेल तर शरीर पळवाट काढतं, माणूस कंबरेतून पुढे वाकतो, खांदा कानाकडे उचलतो, कोपर बाहेर फाकवतो आणि पत्ता पोचवतो. पत्ता पोचला खरा, पण कोपर सरळ व्हायला शिकलं नाही, आणि हीच सवय पक्की झाली की ती सोडवायला फार वेळ जातो. पाठ खुर्चीला टेकलेली राहते का बघा, पाठ सुटली की पत्ते थोडे जवळ घ्या. वाकून लांब पोचण्यापेक्षा न वाकता जवळ पोचलेलं चांगलं. जोर लावताना मूठ आणि कोपर आवळून छातीकडे येत असेल तर एक डाव सुट्टी, हात टेबलावर पसरून ठेवायचा, दोन मिनिटं.

कुणीही कमजोर हात धरून ओढायचा नाही. "अहो इथे ठेवा" म्हणून मनगटाला धरून हात खेचला जातो, त्यातून खांद्याचं दुखणं सुरू होतं आणि मग महिनोन्‌महिने जात नाही. मदत करायचीच तर कोपराच्या खाली तळहात देऊन वजन उचला, दिशा त्यांना ठरवू द्या.

सुरुवातीला १० ते १५ मिनिटं, दिवसातून दोनदा, एवढंच. सकाळी आंघोळ-नाश्ता झाल्यावर तासाभराने बहुतेकांचा हात सगळ्यात चांगला चालतो. आठवडाभर नीट गेला की पाच-पाच मिनिटं वाढवा. दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा किंवा मनगट नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल तर आदल्या दिवशीचं निम्मं करा. खेळताना बोलता आलं पाहिजे, वाक्य तुटत असेल, धाप लागत असेल तर जास्त झालं.

छातीत दुखलं, चक्कर आली, एकदम डोकं फुटल्यासारखं दुखलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हाता-पायात नवीन कमजोरी वाटली, तर खेळ तिथेच सोडायचा आणि १०८ ला फोन. थोडा वेळ बघू, पडून राहू दे, असं करायचं नाही, स्ट्रोकमध्ये एकेक मिनिट महत्त्वाचं असतं.

स्क्रीनचे खेळ घ्यायचे असतील तर

घेऊ नका असं नाही, घरात कॉलेजची मुलं असतील आणि त्यांच्याकडे मशीन असेल तर जरूर वापरा, कारण मुलं मग आपणहून खेळायला बसतात. फक्त काय मिळतं आणि काय नाही ते माहीत हवं.

२००६ च्या निन्टेन्डो वी पासून हात हलवून खेळायचे टेनिस-बोलिंग घराघरांत आले, आता तेच काम निन्टेन्डोच्याच स्विच मशीनवरचा २०२२ चा स्विच स्पोर्ट्स करतो, एका टीव्हीसमोर चौघं खेळू शकतात. वी च्या टेनिसमध्ये खेळाडू स्वतः पळतो, आपण फक्त हात फिरवायचा, म्हणून नवशिक्याला बरं. बोलिंगमध्ये मागचं बटण दाबून धरायचं आणि बरोबर वेळी सोडायचं, आणि आवळलेल्या बोटांना सोडणंच जमत नसतं, त्यामुळे ते नंतर. यात मोठी पळवाट म्हणजे नुसतं मनगट झटकलं तरी शॉट जातो, गेमला खांदा दिसत नाही. तिथे समोरच्या खेळाडूने नियम करायचा, कोपर खुर्चीच्या हातापासून सुटलं तरच शॉट धरला जाईल. रिमोटची दोरी मनगटात घालायचीच, आणि पकड अगदी कमजोर असेल तर क्रेप बँडेजने रिमोट हाताला सैलसर गुंडाळा, बोटं निळी-गार पडत नाहीत ना बघत राहा.

जास्त खेळलं की धडधाकट माणसाचाही खांदा जातो, २००७ मध्ये एका स्पॅनिश डॉक्टरने वी वर टेनिस खेळून स्वतःचा खांदा दुखावल्याचं न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकाला लिहून कळवलं होतं, त्या दुखण्याला नावच वीआयटिस पडलं. त्यामुळे गेममध्ये रंगले तरी घड्याळ लावा.

एक्सबॉक्स या गेम मशीनच्या किनेक्टसारखे, अंगाची हालचाल ओळखणारे कॅमेरे सेकंडहँड मिळतात, हातात काही धरायला लागत नाही ही चांगली बाजू, पण एकाला सहा आणि दोघांना आठ फूट मोकळी जागा लागते आणि आपल्या हॉलमध्ये टीपॉय, दिवाण काढून तेवढी निघणं कठीण, शिवाय मागून कुणी गेलं की कॅमेरा गोंधळतो. बारीक बटणं दाबता येत नसतील तर एक्सबॉक्सचा अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर आहे, २०१८ चा, मोठी दोन बटणं आणि बाकीची हवी तशी जोडता येतात, आणि एक्सबॉक्सवरच को-पायलटची सोय आहे, दोन कंट्रोलर मिळून एकच खेळाडू चालवतात. गाडी नातवाने वळवायची, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर आजोबांनी. एका बाजूच्या खेळासाठी यापेक्षा सोपी व्यवस्था मला माहीत नाही.

मोबाइलवर ल्युडो किंग बहुतेकांकडे असतंच. मांडीवर फोन ठेवून अंगठ्याने खेळलं तर हाताला काही मिळत नाही. टॅबलेट असेल तर स्टँडवर उभा करा, हात लांब करून जेमतेम पोचेल एवढ्या अंतरावर, छातीच्या उंचीला, आता प्रत्येक चालीला खांदा आणि कोपर दोन्ही काम करतात. बोट सरळ होत नसेल तर बोटाच्या सांध्याने टेकवलं तरी स्क्रीन घेते.

माणसं लांब असतील तर

मुलगा पुण्यात, मुलगी अमेरिकेत बे एरियात, आई एकट्या साताऱ्याला, असं कितीतरी घरांत आहे. व्हिडिओ कॉलवर तंबोला लावा. तिकिटावर तीन ओळी, प्रत्येक ओळीत पाच, एकूण १५ आकडे असतात, तिकीट मोठ्या कागदावर काढून आईसमोर ठेवा आणि पेनने खुणा करण्याऐवजी प्रत्येक आकड्यावर एकेक दाणा ठेवायचा, वाटीतून उचलून. पहिल्या आठवड्यात झाकणं, मग सुपाऱ्या, मग राजमा, मग छोले, मग हरभरा, जमलं तर शेवटी मूग. चिमूट जशी सुधारते तसा दाणा लहान करा. डावी बाजू कमजोर असेल तर वाटी डावीकडे. आकडे पुकारणारा लांबचा माणूस सावकाश पुकारेल एवढंच बघायचं, पुढचा आकडा आईचा दाणा बसल्यावर. गिळायला त्रास असेल किंवा घरात लहान मूल असेल तर दाणे मोजून द्या आणि मोजून परत घ्या.

कॉलला वेळ ठरलेली हवी, रविवार सकाळ म्हणजे रविवार सकाळ. कारण आई तासभर आधी साडी नेसून बसते, आणि तो पदर एका हाताने खांद्यावर घेणं हीसुद्धा त्या दिवशीची थेरपीच असते.

वही

एक शंभर पानी वही, रोज एक ओळ: कुठला खेळ, किती डाव, किती मिनिटं, काय सवलत होती, दुखणं दहापैकी किती, आणि एखादी नवीन गोष्ट जमली असेल तर ती. लांबच्या जाळीतून सोंगटी काढली, पहिल्यांदा तर्जनीने ढकललं, असं. फिजिओ आली की ही वही तिच्या हातात द्या, "बरं चाललंय" या उत्तरापेक्षा तिला त्यातून खूप कळतं. सलग दोन आठवडे सवलत तीच, डाव तेवढेच आणि काही नवीन लिहिलेलं नाही असं दिसलं तर तिला खेळ बदलून मागा, आणि दुखण्याचा आकडा चढत चालला असेल तर तिची पुढची तारीख यायची वाट न बघता फोन करा.